अर्धा इंच

“मास्क सैल झालाय,” मशीनवरची बाई म्हणाली, आणि ‘द्या इकडे, दाबून देतो’ हे शब्द मास्तरांच्या ओठांपर्यंत येऊन थांबले. तीस वर्षं ते हेच ऐकत आले होते. सैल झालंय मास्तर, घट्ट होतंय मास्तर. माणसं जन्मभर या दोनच तक्रारी घेऊन शिंप्याकडे येतात आणि शिंपी जन्मभर दोन्हींना मान डोलावतो. पण हा मास्क कापडाचा नव्हता. पांढऱ्या जाळीदार प्लॅस्टिकचा होता, पाच आठवड्यांपूर्वी गरम असताना बायकोच्या तोंडावर दाबून बेतलेला. रोज सकाळी तिला त्या अरुंद टेबलावर निजवायचं, मास्क चढवायचा, कडेच्या खुंट्यांना पक्का अडकवायचा, म्हणजे तिला मान हलवता येऊ नये आणि किरणं घशातल्या गाठीवरच पडावीत. आज बाईने मास्तरांना मुद्दाम आत बोलावलं आणि बायकोचा गाल आणि जाळी यांच्या मधल्या फटीत आपलं बोट घालून दाखवलं. बोट सरळ आत गेलं. तिने ते आत फिरवलं, तरी कुठे अडलं नाही. फिटिंग कशाला म्हणतात हे मास्तरांना कुणी शिकवायला नको होतं. जाळीमागून बायकोचे डोळे त्यांच्याकडे बघत होते. मास्क असताना तिला बोलता येत नसे, पण बाहेर आल्यावर चपला घालताना ती म्हणाली, “आता कुठे तो मेला टोचायचा थांबलाय, तर हिला ते खुपतंय.”

डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला. पहिल्या दिवशी अठ्ठावन्न किलो, आज सत्तेचाळीस. मास्क नवा करता येईल, पण वजन असंच उतरत राहिलं तर पंधरा दिवसांत तोही सैल होईल. तोंडाने जात नाही ना, मग पोटाला बारीक छिद्र पाडून नळी बसवायची, तिच्यातून थेट पोटात अन्न घालायचं. दोन-तीन महिन्यांचा प्रश्न, मग नळी काढून टाकायची. उद्या सकाळी जागा आहे. नको म्हणालात तर रेडिएशन थांबवावं लागेल, आणि मधेच खंड पडला की गाठ पुन्हा उचल खाते. “पस्तीसपैकी एकोणीस झालेत,” डॉक्टर म्हणाले. “मला राहिलेल्या सोळांची काळजी आहे.”

“नळी नको,” बायको म्हणाली. आवाज घोगरा होता, पण नकार ठणठणीत होता. “आणि वजनाचं म्हणाल तर तुमचा काटा बिघडलाय. पहिल्या दिवशी मी कोट घालून चढले होते, पायांत जाड बूट होते. ते सगळं तुम्ही माझ्या नावावर धरताय.”

“अकरा किलोंचा कोट?”

“बरं, कोट राहू दे. हे बघा.” ती उभी राहिली आणि कमरेजवळ ब्लाउज चिमटीत धरायला गेली. कापड चिमटीत आलंच नाही. “दिसतंय? गेल्या हिवाळ्यात शिवलेलं आहे हे. मी अकरा किलो उतरले असते तर हे अंगावर टिकलं असतं का? यांना विचारा. हे शिंपी आहेत. माझं माप यांच्याइतकं जगात कुणाला माहीत नाही.”

डॉक्टरांनी मास्तरांकडे पाहिलं. बायकोनेही पाहिलं, आणि तिच्या नजरेत शंकेचा लवलेश नव्हता. मास्तरांनी टेबलावरच्या पेनांच्या पेल्याकडे पाहिलं, त्यात तीन निळी पेनं होती आणि एक लाल. “बसतंय तसं,” ते म्हणाले. आणि यात खोटं काय होतं? बसत होतंच. परवा दुपारीच त्यांनी ते पुन्हा अर्धा इंच आत घेतलं होतं.

डॉक्टरांनी कागद फाइलीत परत ठेवला. मग म्हणाले, “उद्या आठला या, उपाशीपोटी. तोवर विचार करा. तुम्हीही करा.” हे दुसरं वाक्य त्यांनी मास्तरांना उद्देशून म्हटलं.

बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि खटला जिंकून आल्यासारखी बाहेर बघत राहिली. “समोर माणूस बसलंय, त्याच्याकडे बघायचं सोडून कागदाकडे बघतात,” ती म्हणाली. मास्तर नुसतं हं म्हणाले. ते तिच्या काखेखालच्या शिवणीकडे बघत होते. कुठे चुणी नाही, कुठे ओढ नाही. गिऱ्हाइकाचं काम असतं तर आपल्या हाताचं त्यांना कौतुक वाटलं असतं. नळीचं तिच्या मनात काय बसलंय ते त्यांना ठाऊक होतं. तिच्या आईला शेवटी नळी लावली होती, आणि त्या नळीवर ती बाई आतल्या खोलीत अकरा महिने पडून होती. कुणाला ओळखत नव्हती, फक्त कुणी खोलीत आलं की पाय आखडून घ्यायची. त्या वर्षी लेक दहावीला होती. आता ती तीन देश पलीकडे संसार करते. त्या अकरा महिन्यांनंतर बायको एकदाच म्हणाली होती, ‘नळी आली की माणूस संपलं, नुसतं पोट उरतं.’ डॉक्टर सांगतायत ती नळी त्या नळीपेक्षा वेगळी, हे तिला समजावता आलं असतं. मास्तर समजावत नव्हते, कारण समजावायची सुरुवात जिथून करायची तिथे त्यांचं स्वतःचं पाप बसलेलं होतं.

सुरुवात इतकी साधी होती की तिला पाप म्हणणंही जड जावं. पहिल्या औषधांच्या फेरीनंतरची गोष्ट. एका सकाळी ती आरशासमोर उभी राहून करडं ब्लाउज घालत होती. ते खांद्यावरून घसरलं. तिने वर ओढलं, ते पुन्हा घसरलं. आणि मग तिचा जो चेहरा झाला तो मास्तरांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. आजाराचं नाव कळलं त्या दिवशीही नाही. त्या दिवशी तिने पदर खोचल्यागत डॉक्टरांना विचारलं होतं, ‘बरं, मग पुढे काय करायचं?’ पण ब्लाउज घसरल्यावर ती काही बोलली नाही. पलंगावर जाऊन बसली ती दुपारपर्यंत उठली नाही. ती झोपल्यावर मास्तरांनी ब्लाउज खाली दुकानात नेलं. दोन्ही कडांना अर्धा अर्धा इंच, टक्स जरा खोल, बाहीचा मुंढा किंचित वर. नवा दोरा डोळ्यावर येऊ नये म्हणून त्याच ब्लाउजच्या खालच्या दुमडीतून जुना विटका दोरा ओढून काढला आणि त्यानेच हाताने टीप घातली. जुन्या टिपेच्या भोकांवर ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवली. दुसऱ्या दिवशी तिने ते घातलं, बटणं लावली, क्षणभर थांबली आणि म्हणाली, “काल उगाच घाबरले हो मी. चांगलं अंगाबरोबर बसतंय की.” त्या दिवशी ती दीड वाटी सूप प्यायली. दीड वाटी! आता सांगा, असं औषध हाताशी असताना ते कुणी दिलं नसतं?

मग औषधाची मात्रा वाढत गेली. आठवड्याला एकदा, तिच्या दुपारच्या झोपेच्या वेळी, कपाटातले कपडे एकेक करून खाली जात आणि बारीक होऊन वर येत. माडीवरचा मोठा आरसा मास्तरांनी ‘गिऱ्हाइकांना लागतो’ म्हणून दुकानात उतरवला, तिनेही हरकत घेतली नाही. आंघोळीला ती दिवा लावत नसे. रेडिएशननंतर उजेड डोळ्यांना खुपतो म्हणे. माणसाला जे मानायचं असतं त्याला एक साक्षीदार पुरतो, आणि तिचा साक्षीदार तिच्या अंगावरच होता. एक गोष्ट मात्र मास्तर करत नव्हते. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड राहतं, अंग भरलं की सोडायला म्हणून शिंपी जी माया ठेवतो, ती ते कापत नव्हते. कापली की संपलं; मग तो कपडा पुन्हा अठ्ठावन्न किलोंचा होणार नाही. चार वेळा दाबल्यावर आत बोट-बोट कापड साचलं आणि तिच्या भाजलेल्या कातडीला घासायला लागलं. “कमाल झाली, आता स्वतःचे कपडेही टोचायला लागले,” ती म्हणाली आणि दोष तिने किरणांना दिला. त्या दुपारी मास्तरांनी कात्री घेतली आणि माया कापून टाकली. निघालेल्या पट्ट्या चिंध्यांच्या पिशवीत टाकवेनात, खिशात ठेववेनात. शेवटी दोन गल्ल्या ओलांडून एका कचराकुंडीत टाकून आले. आल्यावर एका गिऱ्हाइकाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. तीस वर्षांत असं झालं नव्हतं.

बस वळणावर थांबली. तिने डोळे मिटले होते, ओठ कोरडे पडले होते, आणि मास्तरांनी पाण्याची बाटली तिच्या हातात दिली. एक घोट घेताना तिच्या मानेच्या शिरा ताणल्या, डोळ्यांत पाणी आलं, आणि तिने बाटली परत केली. तिची आणि त्यांची गाठ पडली तीच मुळी दुकानात. ती बटणांची काजं करायला म्हणून आली, आणि मास्तरांचं अक्षर म्हणजे शाईत पाय बुडवून मुंगी चालवलेली, म्हणून आठवड्याभरात मापांची वही तिच्या हातात गेली. मास्तर टेप लावून आकडा बोलत, ती लिहून घेई. लवकरच दोघांची एक खूण ठरली. एखादी बाई कमरेच्या आकड्याला बिचकणारी असली की मास्तर दोन इंच कमी बोलत आणि घसा खाकरत. तिकडे ती खालमानेने दोन वाढवून लिही. बाई खूश होऊन जाई, कपडाही नीट बसे, आणि दार लागलं की ही दोघं पोट धरून हसत. सव्वीस वर्षं त्यांनी अर्ध्या गावाला असं गोड फसवलं. आता मास्तरांना वाटलं, आपण वेगळं काय केलं? तेच तर केलं. पण ते मनाशी म्हणतानाच त्यांना कळत होतं की तेच नाही. तिथे वहीत खरा आकडा असायचा. कुठेतरी खरा आकडा लिहिलेला असला की खोटं बोलायला माणूस मोकळा असतो. इथे तो कुठेच नव्हता, एका हॉस्पिटलच्या कागदावर सोडून, आणि तो कागद खोटा पाडायला आज मास्तर साक्षीला उभे राहिले होते.

घरी मेहुणी सूपचं भांडं ठेवून गेली होती. मास्तरांनी ते कोमट केलं, वाटीत ओतलं, चमचा ठेवला. “बसू का जवळ?” त्यांनी विचारलं. “नको. कुणी बघत असलं की मला जात नाही. तुम्ही दुकान उघडा.” ते खाली गेले, फळी उघडली, आणि चष्मा वरच राहिला म्हणून पुन्हा जिना चढले. वरून चौथ्या पायरीवर त्यांना नळाचा आवाज आला. दार अर्धवट उघडं होतं. ती बेसिनपाशी उभी होती. वाटी हळूहळू कलती करत ती सूप ओतत होती, वर नळ सोडलेला, म्हणजे वास राहायला नको. ओतून झाल्यावर तिने बेसिन बोटांनी पुसलं. मग भांड्यातलं दोन चमचे सूप पुन्हा वाटीत घेतलं, वाटी गोल फिरवून कडांना लावलं आणि चमचा त्यात बुडवून ठेवला. एक हालचाल वाया नाही. आज पहिल्यांदा हे करतेय असं तिच्या हातांकडे बघून कुणी म्हटलं नसतं. मास्तर तसेच मागे दोन पायऱ्या उतरले, थांबले, आणि पाय जरा आपटत पुन्हा वर आले.

“झालं?” त्यांनी विचारलं.

“संपवलं बघा. दोन चमचे काय ते राहिलेत.”

“छान,” मास्तर म्हणाले. घरात दोन कारागीर, दोघंही आपापल्या कामात चोख, आणि दोघांच्या मधे एक शरीर झिजत चाललं होतं.

“ऐका ना,” ती म्हणाली. “माळ्यावरच्या पेटीतला तो निळा झगा काढा. लेकीच्या लग्नातला. उद्या तोच घालते. त्याच्याइतकं अंगाबरोबर माझं दुसरं काही नाही. बघू दे त्या डॉक्टरांना एकदा डोळे भरून. म्हणजे नळीचं नाव काढणार नाहीत.”

निळा झगा. मास्तर त्याला विसरूनच गेले होते. कपाटातल्या प्रत्येक कपड्याला त्यांचा हात लागला होता. हा एकच पेटीत राहिला होता, तीन वर्षांपूर्वीच्या बाईच्या मापाचा. “चुरगळला असेल,” ते म्हणाले. “इस्त्री करून आणतो.”

“करा. मी तोवर पडते.”

दुकानात त्यांनी झगा टेबलावर पसरला. जड, दाट निळं कापड. हे काम त्यांनी तेरा दिवस केलं होतं, गिऱ्हाइकं खोळंबून ठेवून. त्यांनी कंबर टेपने मोजली आणि मग टेप गळ्यात अडकवून उभे राहिले. किती दाबायचं हे मोजायला वर जायची गरज नव्हती. साडेतीन इंच. दोन्ही कडा मिळून, मागे दोन टक्स, खांदे पाऊण-पाऊण. चार वाजले होते, सहापर्यंत होऊन गेलं असतं. त्यांनी खडू घेतला. पहिली खूण केली, दुसरी केली. हात शहाणा होता, त्याला काही विचारावं लागत नव्हतं. झगा बारीक होईल, उद्या ती तो घालून जाईल, डॉक्टरांसमोर गर्रकन फिरून दाखवील, आणि डॉक्टर काय करणार? बळजबरीने नळी घालता येत नाही. मास्क सैल पडेल. सोळांचे किती होतील कोण जाणे. मग गाठ उठेल, आणि तरीही तिला प्रत्येक कपडा अंगाबरोबर बसेल, दर आठवड्याला, दुपारी, अर्धा इंच, अर्धा इंच. आणि एक दिवस मास्तर तिच्यासाठी जे शिवतील ते लेकीच्या लहानपणच्या फ्रॉकच्या मापाचं असेल, आणि तेही बसेल. सांगायचं? सांगितलं तर तो चेहरा. पलंगावर बसलेली ती, न उठणारी. आणि या खेपेला ती एकदम अकरा किलोंना सामोरी जाईल, थोडं थोडं नाही. जे दुःख तिने दर आठवड्याला चिमूटभर गिळलं असतं ते आपण साठवून ठेवलं आणि आता तिच्यापुढे पोतंभर ओतणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मास्तरांना एकाएकी तिचा भयंकर राग आला. ओतते कशाला? मी इथे डोळे फोडून टाके घालतो आणि ही तिकडे ओतते. आणि मग तो राग जागच्या जागी वळून त्यांच्याच अंगावर आला, कारण ती का ओतते ते त्यांना समजलं. ती ओतू शकत होती, कारण कपडे बसत होते.

त्यांनी ब्रशने खडू झटकला. नुसती इस्त्री केली. झगा हँगरला लावून वर नेला, दाराच्या खुंटीला अडकवला, तिला हाक मारली आणि ती काही म्हणायच्या आत खाली येऊन मशीनपाशी बसले. तीस वर्षांत एवढं अवघड काम त्यांनी केलं नव्हतं, आणि त्यात एकही टाका नव्हता.

जिना वाजला. ती एक हात कठड्याला धरून येत होती, दुसऱ्या हाताने झग्याचा गळा वर धरून. खालच्या पायरीवर आल्यावर तिने तो सोडला. झगा एका खांद्यावरून घसरला आणि कोपरापाशी थांबला. गळ्याचं हाड, त्याखाली किरणांनी लालकाळी झालेली कातडी, आणि काठीसारखा दंड. ती मोठ्या आरशासमोर गेली. बराच वेळ तिने तोंडाकडे पाहिलंच नाही, फक्त झग्याकडे पाहिलं.

“हा कुणाचा?” तिने विचारलं. “गिऱ्हाइकाचा आणलात का चुकून?”

“तुझाच आहे.”

“माझा एवढा मोठा नव्हता.”

“तेवढाच होता.” मास्तरांचा आवाज त्यांना परका वाटला. “तेवढाच आहे. फक्त यालाच मी हात लावलेला नाही.”

तिला कळायला वेळ लागला नाही. सव्वीस वर्षं दुकानात काढलेली बाई ती. ती तशीच वर गेली. डोक्यावर तिची पावलं, कपाटाचं दार, हँगरांचा आवाज. थोड्या वेळाने ती कपड्यांचा ढीग छातीशी धरून खाली आली, टेबलावर टाकला, आणि एकेक कपडा उलटा करायला लागली. टिपेची भोकं इस्त्रीने बुजतात ती सुलट्या बाजूने. आतून ती बोटाला लागतात. ती डोळे मिटून टक्सच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवत होती, एक ओळ, दुसरी, तिसरी, आणि प्रत्येक ओळीशी थांबत होती.

“चार,” ती म्हणाली.

“करड्याला पाच,” मास्तर म्हणाले.

“माया कुठे गेली?”

“कापली. तुला टोचत होती.”

तिने तो कपडा त्यांच्या तोंडावर फेकला. जोर नव्हता त्यामुळे तो मधेच पडला. “मी सूप ओतत होते,” ती म्हणाली. “रोज. रोज ओतत होते. गिळताना जीव जातो माझा, काच गिळल्यासारखं होतं. पण ओतताना मला कधी धाकधूक वाटली नाही. का, माहितीये? म्हटलं, कपडे बसतायत ना, मग जेवढं जातंय तेवढं पुरतंय.”

“मला माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“ओततेस ते. आज पाहिलं.”

“आज पाहिलंत आणि ‘छान’ म्हणालात.”

मास्तरांनी खाली पडलेला कपडा उचलून टेबलावर ठेवला.

“अहो, गिऱ्हाइकांना आपण फसवायचो ते दोघं मिळून.” तिचा आवाज फाटला, घशामुळे की कशामुळे कोण जाणे. “मला तुम्ही गिऱ्हाईक केलंत.”

“तुझं ते तोंड मला बघवलं नाही,” मास्तर म्हणाले. हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा मनात घोळवलं होतं आणि ते किती दुबळं आहे ते बाहेर पडल्यावरच त्यांना कळलं. “ब्लाउज घसरलं त्या दिवशी. मी भ्यालो. तू उठेनास म्हणून भ्यालो. आणि दुसऱ्या दिवशी जेवलीस.”

“एक दिवस जेवले!” ती ओरडली, किंवा ओरडायचा प्रयत्न केला. “एका दिवसाच्या जेवणावर अकरा किलो घालवलेत माझे. आणि तुम्ही भ्यालात तर भ्यालो म्हणून सांगायचं होतं. मीही भ्यालेलीच होते. दोघं मिळून भ्यालो असतो. मी मरत असले तर ते मला कळायला नको?”

“मरत नाहीस. सोळा राहिलेत.”

यावर ती हसली. मास्तरांना ते हसू ओळखीचं नव्हतं. मग तिने टेबलाची कड धरली, खाली वाकून चपला घातल्या, झग्याचा कमरेचा घोळ एका मुठीत आवळला आणि दुकानाबाहेर पडली. मास्तर उंबऱ्यापर्यंत गेले. “कुठे निघालीस?” तिने मागे पाहिलं नाही. रस्ता ओलांडताना एका मोटारीला तिने हात दाखवून थांबवलं आणि समोरच्या तयार कपड्यांच्या दुकानात शिरली. ते दुकान येऊन सहा वर्षं झाली होती. त्याने मास्तरांची निम्मी गिऱ्हाइकं नेली होती, आणि सहा वर्षांत या घरातल्या कुणी त्याची पायरी चढली नव्हती. तिकडची चिंधी आणायची नाही, असा दंडक होता, आणि तो मास्तरांचा नव्हे, तिचा होता. काचेतून दिसत होतं: विकणारी मुलगी तिच्या अंगाला एक कपडा लावून बघतेय, मान हलवतेय, आणखी लहान माप काढतेय, आणखी लहान. तिथे कुणी घसा खाकरत नव्हतं. ती कागदी पिशवी घेऊन बाहेर आली तेव्हा मास्तर बाजूला सरले. ती त्यांच्याजवळून जिना चढून गेली. त्या संध्याकाळी ती एक शब्दही बोलली नाही. मास्तरांनी वाटीत सूप ठेवलं तेव्हा मात्र ती त्यांच्यासमोर बसली. सात चमचे प्यायली, प्रत्येक चमच्याला डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायलाही तिने हात उचलला नाही, आणि मास्तरांना तिने बघायला लावलं.

सकाळी आठला ती डॉक्टरांच्या खोलीत त्या नव्या कपड्यात बसली. राखाडी, सुती, कशाचाच आकार नसलेला, कॉलरच्या मागे छापील पट्टी तशीच. “घाला नळी,” ती म्हणाली. “पण आधी काय करणार, कुठे छेद देणार, किती दिवस ठेवणार, सगळं सांगा. आणि वजनाचा आकडा दर आठवड्याला मला सांगायचा. यांना नाही, मला.” डॉक्टरांनी मास्तरांकडे पाहिलं, मग तिच्याकडे वळून सांगायला लागले. ती प्रत्येक गोष्टीला मान हलवत होती. एकदाच तिने विचारलं, “माझ्या आईला होती तशी नाही ना?” “नाही,” डॉक्टर म्हणाले, “तुम्ही चालाल, फिराल, बोलाल. भांडालसुद्धा.” ती म्हणाली, “ते जमतंय.”

मग दोघं बाहेरच्या बाकावर बसली, आतून बोलावणं येईपर्यंत. लांब, फिकट भिंतींचा बोळ, टोकाला एक उघडं दार, औषधांचा वास. बायकोचा डावा खांदा मास्तरांच्या बाजूला होता आणि त्या खांद्याची शिवण वाकडी होती. चांगली पाव इंच वाकडी, मशीन घाईत ओढलेलं, शेवटी दोऱ्याचं एक टोक तसंच सोडलेलं. मास्तर भिंतीकडे बघायचे आणि नजर पुन्हा त्या टोकाकडे यायची. एवढं उसवून सरळ करायला पाच मिनिटं लागली असती. दोरा तरी निदान तोडावा. त्यांचा हात गुडघ्यावरून उठला, अर्ध्यावर आला, आणि तिथेच थबकला. त्यांनी तो गुडघ्यावर परत ठेवला आणि दुसऱ्या हाताने दाबून धरला.

“वाकडी आहे ना?” ती समोर बघत म्हणाली.

“आहे.”

“किती?”

“पाव इंच.”

“राहू दे,” ती म्हणाली. आत कुणीतरी भांडी मांडत असल्यासारखा धातूचा आवाज झाला आणि तिचं अंग आखडलं. तिने हात पुढे करून मास्तरांचा हात घट्ट धरला. धीर हवा म्हणून, की त्यांनी शिवणीला हात लावू नये म्हणून, हे त्यांना कळेना. त्यांनी विचारलं नाही. “मला भीती वाटतेय,” ती म्हणाली. मास्तर म्हणाले, “मलाही.” मग दार उघडलं.